देवाचा स्वभाव शिकायचा कशाला?

तरुण संघाची बैठक संपल्यावर खुर्च्या आवरता आवरता एकाने मला विचारलं, "पाळकसाहेब, आम्ही प्रार्थना करतो, रविवारी उपासनेला येतो, जमेल तशी सेवा करतो. मग देवाचं स्वरूप, देवाचे गुण, त्याचा स्वभाव यांचा वेगळा अभ्यास कशाला? तो सेमिनरीतल्या लोकांनी करावा. आम्हाला साधा विश्वास पुरत नाही का?"

तिथे दोन वाक्यांत काहीतरी बोललो, पण हा प्रश्न दोन वाक्यांत मावणारा नाही. तीस वर्षांच्या सेवेत तो मी कितीतरी जणांच्या तोंडून ऐकला आहे, आणि विचारणारे बहुतेक जण प्रभूवर मनापासून प्रेम करणारे होते. म्हणून इथे सविस्तर लिहितो.

देवाच्या स्वभावाचा अभ्यास तुम्ही लहानपणापासून करतच आला आहात. आई म्हणाली, "खोटं बोललास तर देव शिक्षा करेल," तो पहिला धडा. वडील घरात पाऊल टाकताच सगळे गप्प होत असतील, तर 'पिता' या शब्दाचा अर्थ तिथेच ठरला. पुढे "हे आमच्या स्वर्गातील पित्या" म्हणताना तोच अर्थ सोबत येतो. शाळेतले गुरुजी, कचेरीतले साहेब, हप्ता चुकला की दारात उभा राहणारा वसुलीवाला, अशा सगळ्यांचं थोडं थोडं घेऊन आपल्या मनात एक देव तयार होतो. मग सकाळची प्रार्थना राहिली आणि वाटेत गाडी पंक्चर झाली, की मन लगेच दोन्हींचा संबंध जोडतं. हे आपल्याला शास्त्राने शिकवलेलं नसतं. म्हणजे अभ्यास चालूच आहे. तो कुणाकडून करायचा, एवढंच आपल्या हातात आहे.

घरसभेत बसलो की मी लोकांच्या प्रार्थना लक्ष देऊन ऐकतो. एरवी मोकळेपणाने हसणारे-बोलणारे एक गृहस्थ होते. प्रार्थनेला डोळे मिटले की त्यांचा आवाजच बदलायचा. तलाठ्यापुढे अर्ज घेऊन उभं राहावं तसा. एक बाई दर वेळी आधी आपले उपास आणि दशांश मोजून सांगत आणि मग मागणं मांडत, जणू खात्यात शिल्लक आहे ना याची खातरजमा करून पैसे काढताहेत. दोघंही प्रामाणिक होती. पण एकाचा देव साहेब होता आणि दुसरीचा सावकार. माणूस प्रार्थनेत ज्याच्याशी बोलतो, त्याच्याबद्दलची त्याची समजूत लपत नाही.

ही समजूत नुसती मनात राहत नाही, ती हातापायांत उतरते. मत्तय २५ मधल्या येशूच्या दाखल्यात धनी परदेशी जाताना तीन चाकरांकडे आपले पैसे सोपवतो; त्यांतला तिसरा चाकर आठवा. त्याच्याकडे दिलेला एक तालांत म्हणजे त्या काळच्या मजुराची सुमारे वीस वर्षांची मजुरी. एवढी रक्कम त्याने जमिनीत पुरून ठेवली. का, तर आपला धनी कठोर आहे, पेरलं नाही तिथे कापणारा आहे, असं त्याने मनाशी धरलं होतं. तो आळशी होता असं आपण उपदेशात सांगतो, आणि धनीही त्याला तसं म्हणतो. पण आळसाच्या मुळाशी काय होतं ते चाकर स्वतःच बोलून दाखवतो: मी भ्यालो. धन्याचा स्वभाव त्याला चुकीचा कळला होता आणि त्यापायी सगळं आयुष्य जमिनीखाली गेलं. आमच्या मंडळ्यांमध्ये अशी पुरून ठेवलेली दानं मी फार पाहिली आहेत.

आता सोन्याच्या वासराकडे येऊ. निर्गम ३२ आपण मूर्तिपूजेचा अध्याय म्हणून वाचतो आणि त्यातली एक ओळ नजरेतून सुटते. वासरू तयार झाल्यावर मोशेचा भाऊ अहरोन दवंडी पिटतो की उद्या परमेश्वरासाठी उत्सव आहे. नाव बदललं नव्हतं! ज्याने मिसरातून बाहेर काढलं त्याच्याच नावाने तो उत्सव होता. बदललं होतं ते रूप. मोशे चाळीस दिवस डोंगरावरून उतरला नाही, लोक घाबरले, आणि न दिसणाऱ्या देवाला त्यांनी आपल्या सवयीच्या, हाताशी असलेल्या आकारात बसवलं. कानातली कुंडलं वितळवून मूर्ती ओतायला वेळ लागतो. मनातली मूर्ती ओतायला तेवढाही लागत नाही. येशूचं नाव घेऊन, गीतं गाऊन, आपण भलत्याच देवाची उपासना करत असू शकतो. ही भीती मला सेवेच्या सुरुवातीला नव्हती. आता आहे, आणि ती चांगली आहे असं मी समजतो.

त्या पापानंतर काय घडलं ते पाहा, कारण माझं खरं उत्तर तिथे आहे. निर्गम ३३ मध्ये मोशे म्हणतो, मला तुझं तेज दाखव. तो तेज मागतो, आणि देव सांगतो की मी माझा सगळा चांगुलपणा तुझ्यापुढून नेईन आणि माझं नाव जाहीर करीन. मग खडकाच्या कपारीत उभ्या असलेल्या मोशेपुढून जाताना देव स्वतःच्या तोंडाने स्वतःची ओळख करून देतो: दयाळू, कृपाळू, मंदक्रोध, दयेने आणि सत्याने भरलेला, हजारो पिढ्यांवर दया करणारा, अपराधाची क्षमा करणारा, पण दोषी माणसाला निर्दोष न ठरवणारा. निर्गम ३४ मधली ही दोन वचनं, ६ आणि ७. देवाबद्दल माणसांनी काढलेले निष्कर्ष पुष्कळ आहेत; हे त्याने स्वतः सांगितलेलं आहे. अभ्यास कुठून सुरू करू असं कुणी विचारलं, तर मी हेच पान उघडून देतो.

या ओळीतले शब्द जवळून पाहण्यासारखे आहेत. 'दयाळू' साठी मूळ हिब्रूत 'रहूम' आहे, आणि त्याचं नातं 'रेहेम' या शब्दाशी आहे. रेहेम म्हणजे आईचं गर्भाशय. पोटच्या गोळ्यासाठी आईच्या आत जे कालवतं, ते या शब्दात आहे. आपल्याला हे समजावून सांगायची फारशी गरज पडत नाही, कारण 'माउली' हा शब्द आपल्या कानात आधीपासून आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी वारकऱ्यांच्या अभंगाची चाल आणि भाषा मंडळीच्या गीतांत आणली, तेव्हा ख्रिस्ताला माउली म्हणताना त्यांना ते बाहेरून आणावं लागलं नाही. यशया ४९ मध्ये देव स्वतःच विचारतो की आई आपल्या तान्ह्या बाळाला विसरेल काय.

'मंदक्रोध' तर मला फारच आवडतो. हिब्रूत तिथे शब्दशः 'लांब नाकाचा' असं आहे. त्या भाषेत राग नाकात असतो. नाक तापलं म्हणजे माणूस रागावला. आपणही म्हणतोच ना, याच्या नाकाच्या शेंड्यावर राग! देवाचं नाक लांब आहे. राग शेंड्यापर्यंत यायला वेळ लागतो. तो येतच नाही असं मात्र वचन म्हणत नाही.

तिसरा शब्द 'हेसेद'. आपल्या शास्त्रात तो बहुतेक ठिकाणी 'दया' असा येतो, पण त्यात शब्द पाळणं आहे, नातं न सोडणं आहे. स्तोत्र १३६ च्या सव्वीसही वचनांत तोच परत परत येतो. स्तोत्र २३ च्या शेवटी कल्याण आणि हेसेद माझ्या मागे येतील असं दावीद म्हणतो, तिथलं क्रियापद शत्रूने पाठलाग करण्यासाठी वापरतात ते आहे. शौल राजाने ज्याला रानोमाळ पळवलं तो माणूस म्हणतो आहे की आता माझ्या मागावर देवाची दया आहे. हे कळल्यापासून अंत्यविधीला ते स्तोत्र वाचताना माझा आवाज पूर्वीसारखा राहिलेला नाही.

याच ओळखीचा शेवटचा भाग लोकांना घाबरवतो: वडिलांच्या अन्यायाचं शासन तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत. यावरून 'पिढीजात शाप' नावाची एक शिकवण आपल्याकडे गावोगाव पसरली आहे. एक कुटुंब माझ्याकडे आलं होतं, मुलाला फिट येत होत्या. कुणीतरी सांगितलं होतं की आजोबांच्या पापाचा शाप आहे, तो तोडायला खास प्रार्थना लागेल. मी त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवलं आणि मग त्यांच्या घरी बसून यहेज्केल १८ वाचला: जो पाप करील तोच मरेल, मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही. योहान ९ वाचला, जिथे शिष्य जन्मांध माणसाकडे बोट दाखवून पाप कुणाचं असं विचारतात आणि येशू तो प्रश्नच मोडून काढतो. मग परत निर्गम. दहा आज्ञांमध्ये हेच वाक्य येतं तेव्हा "माझा द्वेष करणाऱ्यांच्या" असं तिथे जोडलेलं आहे. त्या काळी एका छपराखाली तीन-चार पिढ्या नांदत. घरच्या कर्त्याच्या पापाची झळ सगळ्या घराला लागे, ती दारूच्या घरात आजही लागते. आणि माप पाहा: इकडे तीन-चार, तिकडे हजारो. ज्याच्या दयेचं माप एवढं मोठं, त्याच्या नावाने त्या बापाला आपल्या लेकराच्या आजाराकडे शाप म्हणून पाहायला लावलं होतं. देवाचा स्वभाव माहीत नसला की असं होतं, आणि त्याची किंमत गरीब माणूस मोजतो.

निर्गम ३४ ची ही ओळ पुढे सगळ्या जुन्या करारात फिरते. गणना १४ मध्ये लोक कनान देशात शिरायला नकार देतात, देव त्यांचा नाश करायला निघतो, तेव्हा मोशे मध्ये उभा राहतो आणि प्रार्थनेत हीच वाक्यं देवाला परत ऐकवतो: तूच म्हणाला होतास ना, की तू मंदक्रोध आहेस? मध्यस्थीची एवढी धिटाई त्याला कुठून आली? कपारीत ऐकलेल्या शब्दांतून. आपल्या मध्यस्थीच्या प्रार्थना लवकर संपतात, कारण देवापुढे धरायला आपल्याकडे त्याचा शब्दच नसतो. पुढे नहेम्या, योएल आणि कितीतरी स्तोत्रं हीच ओळ उचलतात.

आणि योनाही उचलतो. योना ४:२ वाचा. निनवे हे शत्रूचं नगर नाशातून वाचलं म्हणून हा संदेष्टा संतापला आहे, आणि देवाला म्हणतो की मला माहीतच होतं, तू दयाळू, कृपाळू, मंदक्रोध देव आहेस, म्हणूनच तर मी तार्शीशला पळालो! मोशेच्या तोंडी जी वाक्यं रदबदली झाली, तीच योनाच्या तोंडी तक्रार झाली. पाठांतरात चूक नाही. "ज्ञान फुगवते" असं पौलाने करिंथकरांना लिहिलं, ते ज्ञान असं असतं. तुमच्यापैकी जे म्हणतात की अभ्यासाने माणूस कोरडा होतो, त्यांच्या डोळ्यांपुढे असे योना असणार, आणि ते खोटं नाही. मी स्वतः अशा अभ्यासकांबरोबर बसलो आहे. पण योनावर देव काय उपाय करतो? त्याला शिकवणं थांबवत नाही. वेल उगवतो, किडा लावतो, उन्हात बसवतो आणि विचारतो, एवढ्या मोठ्या नगराची मी कींव करू नये काय? पुढचा धडा त्याच स्वभावाचा आहे, फक्त आता पाठ भाजते आहे.

त्याच निनवेला पुढे नहूम संदेष्ट्याने इशारा दिला, आणि त्यानेही सुरुवात याच ओळीने केली, दुसऱ्या टोकाकडून: परमेश्वर मंदक्रोध आहे, पण दोषी माणसाला तो सोडत नाही. इ. स. पूर्व ६१२ मध्ये निनवे पडलं. योना आणि नहूम यांचे देव दोन नाहीत. आपल्याकडे अर्धी मंडळी योनाच्या पुस्तकातला देव सांगते, अर्धी नहूमातला. दोघांच्याही हातात एकाच वाक्याचा अर्धा तुकडा आहे. वधस्तंभाकडे पाहिल्याशिवाय ते तुकडे जुळत नाहीत. रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौल नेमकं हेच म्हणतो, की देव तिथे स्वतः न्यायी राहिला आणि येशूवर विश्वास ठेवणाऱ्याला नीतिमान ठरवणाराही झाला.

स्वरूप आणि स्वभाव असे दोन शब्द का वापरतात, हेही मला त्या संध्याकाळी विचारलं होतं. यासाठी मी १६४७ मधल्या वेस्टमिन्स्टर लघु प्रश्नोत्तरीच्या, म्हणजे प्रश्न-उत्तरांतून ख्रिस्ती शिकवण देणाऱ्या पुस्तिकेच्या, चौथ्या प्रश्नाचा आधार घेतो. देव आत्मा आहे, तो अनंत, सनातन आणि अविकारी आहे, असं म्हणून उत्तर पुढे सांगतं की हे कशाकशात: अस्तित्वात, ज्ञानात, सामर्थ्यात, पवित्रतेत, न्यायात, चांगुलपणात आणि सत्यात. म्हणजे त्याचा चांगुलपणासुद्धा अनंत आणि न बदलणारा आहे. चांगली माणसं आपल्याला भेटतात, पण त्यांचं चांगुलपण दमतं, दिवस पाहतं, माणूस पाहतं. देवाचं तसं होत नाही, कारण त्याचं स्वरूपच तसं आहे. स्वरूप शिकलो नाही, तर स्वभावावर विसंबता येत नाही.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण या बाबतीत मी नेहमी देतो. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. संस्कृत शास्त्रांचा अभ्यास असलेली ही बाई. त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) आणि ख्रिस्ताचं देवत्व यांबद्दलचे प्रश्न त्यांनी कुणाच्या धाकाने गिळले नाहीत, पत्रांतून वाद घातले. आणि पुढे स्वतःच्या साक्षीत त्यांनी लिहिलं की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचं जीवन असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. बाप्तिस्म्यानंतर काही वर्षांनी तो सापडला, तेव्हा काय केलं? अभ्यास सोडला नाही. केडगावला मुक्ती मिशनमध्ये शेकडो निराधार स्त्रिया-मुलींचा संसार सांभाळत त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सगळं पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणण्यात आयुष्याची शेवटची वर्षं घातली. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या तेव्हा भाषांतराचं काम झालेलं होतं. साधा विश्वास आणि अभ्यास यांत भांडण आहे असं मला कुणी सांगितलं, की मला केडगावच्या त्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या बाया आठवतात. आपल्यासारख्या बायकांना देव कसा आहे हे स्वतः वाचता यावं, यासाठी तो खटाटोप होता.

आता माझी स्वतःची गोष्ट, कारण ती सांगितल्याशिवाय हे उत्तर अपुरं राहील. पाळकपणाच्या दुसऱ्याच वर्षी एका घरी गेलो होतो. सात वर्षांचा मुलगा तापाने गेला होता. मी आईजवळ बसलो आणि आपल्याकडे म्हणतात तेच म्हणालो: "देवाला तो आवडला, म्हणून त्याने नेला." तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "पाळकसाहेब, देवाकडे पोरं कमी होती का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पदवी होती, व्याकरण येत होतं, उपदेश येत होता. पण देवाच्या नावावर मी जे वाक्य खपवलं, ते शास्त्रात कुठे आहे हे मी कधी तपासलंच नव्हतं. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस-रात्र त्याच्याबरोबर जमिनीवर गप्प बसले, तोवर ते बरोबर होते. बोलायला लागले आणि चुकले, आणि शेवटी देव त्यांना म्हणाला की माझ्याविषयी तुम्ही यथार्थ बोलला नाहीत. ते वचन मी त्या रात्री वाचलं आणि मला झोप लागली नाही.

त्यानंतर वर्षभर मी योहान ११ घेऊन बसलो. मरण पावलेला आपला मित्र लाजर याच्या कबरेजवळ येशू रडला हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच्या आधी, ३३ व्या वचनात, जो ग्रीक शब्द येतो त्यात खवळणं आहे, संताप आहे. इतरत्र तो घोड्याच्या फुरफुरण्यासाठीही वापरत. पाचच मिनिटांत तो लाजराला उठवणार आहे, आणि तरी मरणापुढे तो शांतपणे 'देवाची इच्छा' म्हणत नाही. पौल मरणाला शेवटचा शत्रू म्हणतो. शत्रूने नेलेल्या लेकराबद्दल मी आईला सांगितलं होतं, की देवाला आवडला म्हणून.

मी परत त्या घरी गेलो. माफी मागितली आणि तो अध्याय वाचला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे त्यालाही राग आला होता." ती पुढच्याच रविवारी उपासनेला आली असं मी म्हणणार नाही, यायला दोन वर्षं गेली. पण त्या दिवशी तिने चहा ठेवला.

सुरुवात कशी करावी, हे थोडक्यात सांगतो. दोनशे पानी वही घ्या. रोज एक लहान उतारा वाचा आणि फक्त दोन गोष्टी लिहा: इथे देव काय करतो, आणि त्यावरून तो कसा आहे. 'माझ्यासाठी काय' हे पहिला महिना लिहूच नका. ती सवय आपल्याला इतकी लागली आहे की देव राहतो बाजूला आणि आपणच आपल्याला वाचत बसतो. निर्गम ३२ ते ३४ ने सुरू करा, मग स्तोत्र १०३ आणि १४५, मग योनाचं पुस्तक, आणि मग मार्ककृत शुभवर्तमान सावकाश. एकट्याने करू नका. दोघं-तिघं बसा, एकाचा साहेब आणि दुसरीचा सावकार एकमेकांसमोर आले की चटकन ओळखू येतात. समजलं नाही तर प्रश्नचिन्ह टाकून पुढे जा. अनुवाद २९:२९ सांगतं की गुप्त गोष्टी परमेश्वराच्या आहेत. ती प्रश्नचिन्हं त्याच्याकडे राहू द्या.

मार्कच्या पहिल्याच अध्यायात एक कुष्ठरोगी भेटेल. तिथे जरा थांबा. तो म्हणतो, तुझी इच्छा असली तर मला शुद्ध करायला तू समर्थ आहेस. सामर्थ्याबद्दल त्याला शंका नाही. अडलंय ते इच्छेपाशी. आपण बहुतेक जण त्याच जागी गुडघे टेकून आहोत. येशू "माझी इच्छा आहे" असं म्हणतो, पण मार्कने आधी काय लिहिलं आहे ते वहीत उतरवून घ्या: त्याने हात पुढे केला आणि त्याला स्पर्श केला. कुष्ठ अजून गेलेलं नव्हतं.